लाव्यांचं पथ्यपाणी

४ सप्टेंबर, गुरुवार

चोवीस! "थोडेसे पक्षी आणते," असं वहिनी म्हणाल्या होत्या. माझ्या हिशेबात थोडेसे म्हणजे चार, फार ओढलं तर सहा. दुपारी टेम्पोतून पुठ्ठ्याची खोकी उतरली आणि भोकाभोकांतून चोची बाहेर. लावे! तपकिरी, ठिपक्यांचे, मुठीएवढे. कोंबडी करायला घेतली आणि साहित्य अर्ध्यात संपलं, असा प्राणी.

मागच्या गच्चीवर पिंजरा तयारच होता. कुणी केला? कधी? या घरात मी राहतो की नुसता झोपायला येतो? बायको म्हणाली, "तुम्ही नगरपालिकेच्या सभेत होतात." खरं आहे. तिथे नळांवर चर्चा होऊन नळ होते तिथेच राहिले, इथे तेवढ्यात सुतार येऊन पिंजरा ठोकून गेला. वार्ताहराचं नशीब! बातमी घरी आणि हा सभेला.

पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये अंथरायला वहिनींनी जुने पेपर मागितले. वरचाच अंक उघडला तर माझी बातमी. म्हटलं, अंथरा. वरून का होईना, अभिप्राय तरी येतील.

५ सप्टेंबर

काल गमतीत लिहिलं. आज नीट लिहितो.

दादा जाऊन दोन वर्षं झाली. वहिनी वरच्या खोलीत राहिल्या, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जात राहिल्या, आईचं बघत राहिल्या. मे महिन्यात कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या भावाचा फोन. हा भाऊ इमारतींची कंत्राटं घेतो. घरात आम्ही त्याला कंत्राटदारच म्हणतो. "ताई, तुझी खोली तयार आहे. मुलं रोज विचारतात, आत्या कधी येते." मुलं तीन. त्यांना सांभाळणारी बाई नुकतीच काम सोडून गेलेली. कंत्राटदार मनाचा वाईट नाही. पण त्याला बहीण हवी आहे की दाई, हे त्यालाही नक्की ठाऊक नसावं.

काल जेवताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला इथे बसून खायचं नाही आणि तिथे जाऊन मुलं वाढवायची नाहीत. ऑक्टोबर संपेपर्यंत बघते. लाव्यांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर जाते भावाकडे."

"अहो, पण इथे तुम्हाला कोण काही—"

"तुम्ही कुणी नाही. मीच मला बोलते."

मी पाणी प्यायलो.

माझा यात स्वार्थ आहे, तोही लिहून ठेवावा. दादा गेल्यापासून आई खिडकीशी खुर्चीत. उठायचं नाव नाही, बोलणं 'हो-नाही'पुरतं. वहिनी समोर बसल्या तर चार घास पोटात जातात. मी समोर बसलो तर ती माझ्याकडे अशी बघते की मीच उठतो. वहिनी गेल्या तर आईचं काय?

९ सप्टेंबर, मंगळवार

कॉलेजात एवढं संस्कृत घोकलं, ते आज कामाला येणार म्हणून मोठ्या उमेदीने जुन्या वैद्यकात लावा शोधला. सापडला! पुष्कळ ठिकाणी सापडला. पचायला हलका, तापातून उठलेल्याला हितकर, रस्सा करून द्यावा. पूर्वजांनी लाव्याचा जो काही विचार केला, तो ताटातल्या लाव्याचा. त्या बिचाऱ्याने स्वतः काय खावं, यावर मला तरी एक ओळ मिळाली नाही.

वर जाऊन वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्यासमोर बोलू नका."

एका जुन्या कथेत मात्र जिवंत लावी आहे. लांडग्याच्या जबड्यात सापडते आणि अश्विनीकुमार येऊन तिला सोडवतात. ते देवांचे वैद्य, दोघे जण, रथातून येणारे. आमच्याकडे पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. एकट्या, स्कूटरवरून, आणि येताच म्हणाल्या, "चहा नको, पिंजरा दाखवा."

वहिनींनी विचारलं, "कोंबडीचं साधं खाद्य चालेल का?"

"पोट भरेल. पक्षी भरणार नाही."

लाव्याला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. म्हणून लाव्यांसाठीचंच खाद्य घ्यायचं, तेही बारीक भरडलेलं, कारण चोच ती केवढी! शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा, खाद्यात कालवायचा नाही. जिला अंडं घालायचंय ती आपणहून खाते, नरांना त्याची गरज नसते. जाडसर वाळू थोडी, कारण दात नाहीत. हिरवा पाला बारीक चिरून. पाणी रोज ताजं. पोतं कोरड्या जागी, झाकण लावून. बुरशी धरली तर पक्षी गेलाच म्हणून समजा. बाकी लाड दहा घासांत एक. आणि खारट, गोड, तळलेलं — बंद!

हे शेवटचं वाक्य डॉक्टरीणबाई पिंजऱ्याकडे बघून बोलल्या आणि बायकोने माझ्याकडे बघून ऐकलं. मला साखर निघाल्यापासून 'पथ्य' हा शब्द कुठेही उच्चारला गेला तरी ती माझ्याकडे बघते.

१३ सप्टेंबर

पक्ष्यांना नावं दिली. दिसेल त्याच्याशी वाद घालणारा नर — नैयायिक. खाद्य आधी चोचीने उडवून मग तेच वेचून खाणारी — मीमांसा. कोपऱ्यात डोळे मिटून बसणारा, पण खाद्य पडताच सगळ्यांच्या आधी पोचणारा — वेदान्ती.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नावं ठेवायला माणसं कमी पडली का?"

पण संध्याकाळी त्या स्वतःच म्हणत होत्या, "मीमांसे, सरक जरा, बाकीच्यांना खाऊ दे." मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं.

१४ सप्टेंबर, रविवार

कंत्राटदाराचा फोन. स्पीकर चालू राहिला होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"ताई, चिमण्या पाळल्यास म्हणे?"

"चिमण्या नाहीत. लावे."

"तेच ते. अगं, माझ्याकडे आलीस तर बागेत मोर आणून देतो!"

"मोर अंडी देतो का?"

त्यावर म्हणे, "ऑक्टोबर संपला की गाडी पाठवतो." आणि फोन ठेवला. चांगुलपणाने बोलतो हेच तर अवघड आहे. वाकडं बोलला असता तर भांडता आलं असतं.

१७ सप्टेंबर

पहिलं अंडं!! पांढुरक्यावर तपकिरी शिंतोडे, जसं कुणी शाईचं पेन झटकलं. बायको शाळेत गणित शिकवते. तिने ते लगेच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. दहा ग्रॅम. वहिनी काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पदराने ते अंडं पुसलं — पुसायची काही गरज नव्हती.

आईला नेऊन दाखवलं. बघितलं आणि म्हणाली, "लहान आहे."

दोन शब्द! सहा महिन्यांत न विचारता आलेले हे पहिले. संध्याकाळी बायकोला तीनदा ऐकवले.

२० सप्टेंबर, शनिवार

वहिनींबरोबर हॉटेलात गेलो. मोठ्या रस्त्यावरचं, दोन मजली. मुख्य आचारी उंच, आवाज त्याहून उंच. त्याला लाव्याची अंडी अख्खी उकडून, सोलून, वाढायला हवी आहेत. दर शनिवारी ऐंशी.

त्याने एक अंडं उजेडाकडे धरलं, दोन बोटांत हलकंच दाबलं. "आज चांगलं आहे. पण बाई, एक सांगतो. पातेल्यात फुटलेलं अंडं मला चालत नाही. पाहुण्याला फुटक्या कपात चहा देतो का आपण? पुढच्या अकरा तारखेला पहिली खेप आणा. माझ्यासमोर उकडू. टिकली तर कायमची ऑर्डर. नाही तर राम राम."

परत येताना वहिनी म्हणाल्या, "या माणसाचं जमलं तर मी राहिले, भाऊजी." बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. मी म्हटलं, जमेल. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

२३ सप्टेंबर

आईचं ताट गेले आठ दिवस स्वच्छ. वहिनी हल्ली दुपारी खाद्य आणायला, पाला आणायला बाजारात असतात, आई एकटीच जेवते. आणि ताटात एक शीत नाही! मी उगाच घाबरत होतो. माणसाला मोकळं सोडलं की भूक परत येते. यावर एक छोटा लेख होईल.

२५ सप्टेंबर

संध्याकाळी गच्चीवर पक्ष्यांजवळ बसलो. आज सभेत चहाबरोबर बिस्किटं होती. मला मनाई, म्हणून खिशात टाकली होती. (घरात कपाटामागेही एक पुडा आहे. हे पान बायकोने वाचू नये.) नैयायिक जाळीशी येऊन अशा नजरेने बघायला लागला की माझा युक्तिवाद खुंटला. चुरा करून दिला. सगळे धावले! इतकं मनापासून माझं कुणी कधी ऐकलं नाही. गेले दोन आठवडे अधूनमधून चाललं आहे. चिमूटभराने काय होतंय?

२८ सप्टेंबर, रविवार

वहिनी काळजीत. पिंजऱ्याला लावलेल्या पन्हळीतलं खाद्य उरतंय. "पोतं दमट लागलं की काय?" म्हणून नवं पोतं आणलं. तेही उरतंय.

कंत्राटदाराचा फोन. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बघू."

१ ऑक्टोबर

सकाळी वहिनींनी हाका मारल्या. हातात अंडं — कवचच नाही! नुसती पातळ त्वचा, बोट लावलं की दबतं. रबराच्या पिशवीत कुणी पाणी भरावं तसं. दुसरं उचलतानाच चिरलं. ट्रेमध्ये तिसरं, फुटलेलं.

अकरा तारीख दहा दिवसांवर.

वहिनी शिंपल्यांची वाटी बघत होत्या. भरलेली होती. जशीच्या तशी.

२ ऑक्टोबर

आणखी चार पातळ. मीमांसा पंख फुगवून बसली आहे. डॉक्टरीणबाईंचा फोन लागत नाही. वहिनी जेवल्या नाहीत. वरच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. बॅग तर काढत नसतील?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. गच्चीवर आम्ही तिघं: वहिनी, शाळेतून लवकर आलेली बायको आणि मी. बाईंनी पन्हळ बघितली, पोतं हुंगलं, शिंपले चाळले. "सगळं बरोबर आहे," म्हणाल्या. मग मीमांसेला हातात घेऊन तिच्या गळ्याखाली बोट फिरवलं.

"इथे पिशवी असते. पक्षी खातो ते आधी इथे साठतं. तुमचं खाद्य पन्हळीत आहे, ताई. मग हिच्या गळ्यात काय आहे? टच्च भरलीय!"

बाई वळल्या आणि शाळेतल्या मोठ्या बाई वर्गावर नजर फिरवतात तशी आमच्यावर फिरवली. "कोण देतं वरचं?"

मी घसा साफ केला. "मी आपलं... कधीतरी... एखादं बिस्कीट..."

"बिस्कीट?" हे डॉक्टरीणबाई नव्हे, बायको. "बिस्कीट कुठून आलं?"

"सभेतून."

"सभा गुरुवारी असते! आणि बाकीचे दिवस?"

एका कबुलीत दोन गुन्हे बाहेर! कपाटामागचा पुडा त्याच जागी जाहीर झाला. पण डॉक्टरीणबाई एव्हाना ट्रे बघत होत्या. "हे सफरचंद आहे. सालासकट."

बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "डब्यात उरतं... मुलं तास चुकवतात तसं मी डबा चुकवते. इतकं आवडीने खातात म्हणून..."

"रोज?"

"जवळजवळ."

"आणि हा भात?"

आम्ही दोघंही एकदम, "भात नाही!" वहिनी म्हणाल्या, "भात वर येतच नाही. जिना चढून भात आणणार कोण?"

"मी."

दारात आई. चौकटीला धरून उभी, दम लागलेला, दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी. आजची.

आई म्हणाली, "तू दुपारी बाजारात असतेस. पाखरं एकटी असतात. मूठभर देते, जास्त नाही."

वहिनी पुढे झाल्या. "आई, त्यांचं अख्खं पोट तुमच्या मुठीत मावतं हो!" आणि मग एकदम थांबल्या. "तुम्ही जिना चढलात?"

"रोज चढते."

"आणि तुमचं जेवण?"

"हेच की. त्यांना दिलं." मग जरा अपराधी चेहऱ्याने, "त्यांची भूक चांगली आहे."

म्हणजे स्वच्छ ताट हे! मी लेख लिहायला निघालो होतो! आई जेवत नव्हती, लावे भलतंच जेवत होते, मी बिस्किटं वाटत होतो. या घरात पथ्याने वागणारा एकही प्राणी शिल्लक नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार नाहीये हा. लाड आहेत. पिशवी भाताने आणि बिस्किटाने भरली की खाद्याला आणि शिंपल्याला जागा राहत नाही, कवच कुठून येणार? आठ दिवस एक दाणा वरचा देऊ नका. सुधारतील." पुढे माझ्याकडे बघून, "मीठ-साखर तर यांना विषच. तुम्हालाही असेल."

वहिनी खाली गेल्या. परत आल्या त्या कुलूप घेऊन. पिंजऱ्याला लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. आम्हा तिघांकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे. आम्ही त्यांना राहा राहा म्हणत होतो आणि तिघं मिळून त्यांची जायची तयारी करत होतो — प्रेमाने!

४ ऑक्टोबर

सकाळी हुकूम निघाला. चहाच्या वेळी, उभ्याने.

"वर यायचं ते काम करायला, नाही तर यायचं नाही." मग बायकोला, "तू पाला चिरशील, नखाएवढा. भाऊजी, खाद्य वजन करून भरायचं आणि ट्रे धुवायचा." ट्रे! "आई, तुम्ही शिंपले कुटायचे. पण आधी खाली जेवायचं, माझ्यासमोर. जेवल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

आई म्हणाली, "आणि एक घास जरी त्यांना—"

"एक शीतही नाही."

आई जेवली! कुरकुरत, पण पूर्ण. मग खलबत्ता घेऊन जिना चढली, मी मागे मागे. हात लावू दिला नाही.

७ ऑक्टोबर

पन्हळ रिकामी. वाटीही रिकामी. पक्षी माझ्याकडे बघून धावत येतात, मी हात पालथे करून दाखवतो. असा अपमान मी बातमीत पुढाऱ्यांचाही केला नव्हता.

९ ऑक्टोबर

आईचं म्हणणं, बाजारातला चुरा जाड असतो. स्वयंपाकघरातली अंड्यांची कवचं धुऊन, भाजून, तीही कुटते आहे. आवाज दिवसभर. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले, "काही दुरुस्ती चालू आहे का?" मी म्हटलं, हो, चालू आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

हॉटेल. आचाऱ्याने ऐंशीतली पाच निवडून पाण्यात सोडली. वहिनींचे हात टेबलाखाली. मला बाजूने दिसत होते, एकमेकांत घट्ट. चार तळाशी शांत पडून राहिली. पाचवं — टक्. पांढरी शेपूट बाहेर.

आचाऱ्याने झाऱ्याने ते उचललं, बघितलं, वहिनींकडे बघितलं. "कारण माहीत आहे का?"

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "घरच्यांनी लाड केले. आता बंद आहेत. आठ दिवस द्या."

खोटं सांगता आलं असतं. हवामान, पोतं, काहीही. मी रोज मोठमोठी माणसं प्रश्नाला बगल देताना बघतो. सरळ उत्तर ऐकून कानांना बरं वाटलं. आचारी हसला. "माझ्या घरी कुत्रा आहे. त्याचंही असंच झालं होतं. बरं, शनिवारी या."

१४ ऑक्टोबर

मीमांसेने अंडं घातलं. दगडासारखं टणक! आईने ते टेबलावर टकटक करून दाखवलं आणि म्हणाली, "माझे शिंपले." श्रेय घ्यायला कुणाकडून शिकली?

१८ ऑक्टोबर, शनिवार

या वेळी दहा उकडली, दहाच्या दहा टिकली! आचाऱ्याने एक सोलून वहिनींना दिलं, एक मला. कवच निघताना आतलं अंडं नुसतं चकाकत होतं. कायमची ऑर्डर. शिवाय त्याचा मेहुणा दुसरं हॉटेल चालवतो, त्यालाही हवीत.

बसमधून उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा ट्रे चांगला स्वच्छ असतो हं." मला आजवर जी काही शाबासकी मिळाली, तीत ही वरच्या क्रमांकाची. खोटं नाही लिहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार

फोनऐवजी कंत्राटदार स्वतःच! मोठी गाडी, पांढरा शर्ट. "ताई, किती दिवस हे? घाणीत हात घालायची वेळ यावी का तुझ्यावर? मी मेलोय का?"

"तू असलास म्हणून माझे हात का बांधून ठेवायचे?"

गच्चीवर आई शिंपले कुटत होती. वर न बघता म्हणाली, "आलास ते बरं झालं. ती चाळणी धर."

"मी?"

"मग काय, शर्ट धरणार?"

त्याने धरली. पाच मिनिटांत पांढरा शर्ट आणखी पांढरा झाला. आई सांगत होती, चुरा किती बारीक हवा, धूळ का उडवायची नाही, नर वाटीला तोंड का लावत नाहीत. तो 'हो मावशी, हो मावशी' करत होता. जाताना अंड्यांचा एक ट्रे घेऊन गेला मुलांसाठी. गाडीत बसताना माझ्या कानाशी म्हणाला, "ताई अशी बोलताना मी लहानपणी बघितली होती." डोळे पाणावले होते त्याचे. मी उगाच त्याला दाई शोधणारा म्हटलं. माणूस बरा आहे. गाडी मात्र रिकामी परत गेली!

वहिनी राहणार. देवा, उपकार झाले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही, राहणार नाहीत.

एका रोपवाटिकेच्या मागे दोन खोल्या आणि एक शेड आहे. वहिनींनी ती जागा भाड्याने घेतली. दोन हॉटेलांना पुरवायचं तर शंभर पक्षी लागणार, गच्ची पुरणार नाही. हे सगळं मला भाजी चिरता चिरता सांगितलं.

"म्हणजे जाताच."

"जाते. पण भावाकडे नाही, भाऊजी. माझ्याकडे."

मी अभिनंदन म्हटलं. म्हणायचंच होतं. दोन वर्षं या बाईंनी आमचं घर हातात धरून ठेवलं, कधी बोलून दाखवलं नाही, आणि आम्ही बदल्यात काय दिलं? बिस्किटं! त्यांचं चांगलं झालं, यात माझ्या डोळ्यांत पाणी यायचं कारण नाही. तरी आलं. बायकोने कांदा पुढे सरकवला, म्हणाली, "हा चिरा, म्हणजे कारण होईल."

२५ ऑक्टोबर

आईचं कसं, असं शेवटी विचारलंच. वहिनी म्हणाल्या, "मी रोज दुपारी येऊन जेवायला घालीन." रोज? शंभर पक्षी टाकून? कितीदा येणार त्या? आई हे सगळं ऐकत होती. आज खलबत्त्याचा आवाज नाही. मला दोन वर्षांपूर्वीची, दादा गेल्यावर आई खिडकीशी बसली ती दुपार आठवली आणि मी कामाचं निमित्त काढून बाहेर पडलो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी टेम्पो आला. पिंजरा चढला, पोती चढली, वहिनी पुढे बसल्या. मी आईला आधार द्यायला म्हणून आत वळलो, तर ती जिन्यावरून उतरत होती. पायात चपला, हातात कपड्यांची पिशवी, केस नीट विंचरलेले.

"आई, तू कुठे?"

"कामाला," म्हणाली. "शंभर पक्षी एकट्या पोरीला उरकणार आहेत का? तू रविवारी ये. ट्रे धुवायचे असतील." आणि ड्रायव्हरला, "सरक रे बाबा जरा."

मी पिशवी वर दिली.